रोजमेळ, खतावणी आणि कॅश मिस

माझे मामा लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. संध्याकाळी सौदे आटोपले, हमाल-मापाडी पांगले, की ते गादीवर बसून रोजमेळ लिहायचे. दिवसभरात जे जसं घडलं ते त्याच क्रमानं: अमक्याची तूर इतके कट्टे, तमक्याला उचल इतकी, हमाली इतकी. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच आकडे खतावणीत चढवायचे. खतावणीत प्रत्येक खातेदाराचं स्वतंत्र पान. लहानपणी मला हा निव्वळ रिकामा उद्योग वाटायचा. एकदा विचारलं, तर म्हणाले, "एखादा शेतकरी पायरीवर येऊन म्हणला, माझी बाकी किती, तर काय समदा रोजमेळ उलटत बसू का रे?"

पुढं पोटापाण्यासाठी प्रोग्रॅमिंग करायला लागलो, तेव्हा कळलं की मामांनी त्या एका वाक्यात माझ्या धंद्यातला निम्मा अभ्यासक्रम सांगून टाकला होता. माहिती तीच, आकडे तेच. पण ती कोणत्या क्रमानं मांडली आहे आणि आपण ती कोणत्या क्रमानं मागतो, यावर काम मिनिटात होणार की तासात, हे ठरतं. संगणकाच्या बाबतीत हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो मोजावा लागतो. ही मोजणी कशी करतात, ते सांगायचा हा प्रयत्न.

आधी एक गैरसमज काढून टाकू. प्रोग्रॅम हळू चालतोय, टास्क मॅनेजर उघडला, प्रोसेसर १०० टक्के दिसला, की आपण म्हणतो, "बिचारा राबतोय." तसं नसतं. प्रोसेसर मेमरीतून आकडा यायची वाट बघत हात बांधून बसला असेल, तरी तिथं १०० टक्केच दिसतं. गोदामातून माल येईपर्यंत ओट्यावर बसून बिडी ओढणाऱ्या हमालाचीही हजेरी पूर्ण दिवसाचीच लागते, तसंच.

वाट किती बघावी लागते? ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे नॅनोसेकंदाचा एक तृतीयांश. हे डोक्यात बसत नाही, म्हणून एक ठोका म्हणजे एक सेकंद धरू. प्रोसेसरजवळ लहान पण चपळ मेमरी असते, तिला कॅश म्हणतात; तिच्या एल-वन, एल-टू, एल-थ्री अशा पातळ्या. मग अगदी कुशीत असलेल्या एल-वन कॅशमधून आकडा यायला ४-५ सेकंद लागतात. गादीसमोरची पेटी उघडायची आणि कागद काढायचा, इतकंच. एल-टू म्हणजे पाठीमागचं कपाट, १२-१५ सेकंद. एल-थ्री म्हणजे आतली खोली, ४० सेकंद ते मिनिटभर. आणि मुख्य मेमरी, ज्याला आपण रॅम म्हणतो, ती गावाबाहेरचं गोदाम. तिथून यायला १०० नॅनोसेकंदांच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबानं पाच मिनिटं. दोन आकड्यांची बेरीज एका सेकंदात होते आणि त्यातला एक आकडा आणायला पाच मिनिटं जातात. बेरीज वेगानं करून काय उपयोग?

पूर्वी ही दरी एवढी नव्हती. प्रोसेसर वर्षागणिक वेगवान होत गेले, रॅमची वाट बघण्याची वेळ मात्र त्या मानानं फारच थोडी घटली. लहान पण चपळ मेमरी मध्ये ठेवायची कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९६५ सालीच मांडली होती आणि आयबीएमनं १९६८ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम ३६० मॉडेल ८५ या यंत्रात कॅश आली. १९९५ मध्ये वुल्फ आणि मॅकी यांनी या वाढत्या दरीला 'मेमरी वॉल' म्हटलं. भिंत अजून उभीच आहे.

गोदामातून माल आणण्याची एक रीत असते. प्रोसेसर एकटा-दुकटा आकडा कधीच आणत नाही. आपण वापरतो त्या बहुतेक लॅपटॉपवर एका खेपेला ६४ बाईट येतात. याला कॅश लाइन म्हणतात. ८ बाईटचा एक आकडा धरला, तर एका लाइनीत आठ आकडे. लातूरकरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, १२ एप्रिलच्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. एका घागरीसाठी कुणी गाडी सोडत नाही. आता कल्पना करा, वाघीण आली, आपण त्यातून एक तांब्या भरून घेतला आणि उरलेलं पाणी रुळावर ओतून पुढची वाघीण मागवली. वाचतानाही अंगावर काटा येतो ना? आपले प्रोग्रॅम दिवसभर हेच करत असतात.

आता एक खरं प्रकरण. माझ्याकडे परभणीचा एक मुलगा इंटर्नशिपला होता. त्यानं विषय घेतला पावसाच्या खंडाचा. मराठवाड्यात ८ जिल्हे, ७६ तालुके आणि महसूल मंडळं चारशेच्या वर. प्रत्येक मंडळात जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांत पावसानं सलग किती दिवस ओढ दिली, हे शोधायचं. तीस वर्षांचा तक्ता त्यानं उभा केला, काही खरा, आकडे नव्हते तिथं कामचलाऊ भरलेला. पावसाचा दिवस कशाला म्हणायचं, याचा हवामान खात्याचा निकष २.५ मिलिमीटर. तो निकष आणि खंडाची लांबी बदलून बदलून हा पठ्ठ्या तोच तक्ता हजार वेळा फिरवत होता. (हजार फेऱ्यांची गरजच नव्हती, पण तो वेगळा मुद्दा. शिकणाऱ्याचा उत्साह लगेच मोडू नये.)

तक्ता रोजमेळासारखा होता. एका दिवसाची एक ओळ, ओळीत सगळी मंडळं. आकडे रोज येतात, त्यामुळं मांडणी तशीच होणार. पण प्रश्न खतावणीचा: एक मंडळ घ्या आणि त्याचे १२२ दिवस ओळीनं बघा. त्यात त्यानं मंडळांचा आकडा "गोल असावा" म्हणून ५१२ केला होता, उरलेले रकाने रिकामे. प्रोग्रॅमर लोकांना ५१२, १०२४ हे आकडे गोल वाटतात. हा आमच्या जातीचा रोग आहे.

"सर, चालतंय पण लई हळू. लॅपटॉप जुना झालाय का?"

लॅपटॉप जुना होताच. पण नवा मागायच्या आधी मोजायचं, हा माझा नियम. लिनक्सवर पर्फ नावाचं अवजार मिळतं. प्रोसेसरच्या आत काही मोजणी-यंत्रं बसवलेली असतात, रिक्षाच्या मीटरसारखी: किती ठोके झाले, किती सूचना (प्रोसेसरला सांगितलेली एकेक बारीक कामं) पार पडल्या, किती वेळा कॅशमध्ये हवा तो आकडा सापडला नाही. हे न सापडणं म्हणजे कॅश मिस. पर्फ स्टॅट ही कमांड ते मीटर वाचून दाखवते. त्यातला माझा पहिला आवडता आकडा म्हणजे दर ठोक्याला पार पडलेल्या सूचना. आजचे प्रोसेसर एका ठोक्यात चार किंवा त्याहून जास्त सूचना उरकू शकतात. हा आकडा एकच्याही बराच खाली असेल, तर समजायचं की गडी बहुतेक वाट बघत बसलाय. या पोराच्या प्रोग्रॅममध्ये तो खालीच होता.

पण लगेच गोंधळ झाला. तो म्हणाला, "सर, कॅश-मिसेस तर काहीच नाहीत!" खरंच नव्हते. याचं कारण भल्याभल्यांना माहीत नसतं. पर्फमधला नुसता 'कॅश-मिसेस' हा आकडा बहुतेक वेळा शेवटच्या पातळीवरचे मिस मोजतो, म्हणजे थेट गोदामापर्यंत जावं लागलं अशाच खेपा. आतल्या खोलीपर्यंत लाखो हेलपाटे झाले, तरी ते त्यात येत नाहीत. एल-वनच्या डेटा कॅशचे लोड मिस वेगळं नाव देऊन मागावे लागतात. ते मागितले आणि पडदा आकड्यांनी भरून गेला.

मिस कोणत्या ओळीवर होतायत, ते बघायला व्हॅलग्रिंड या अवजारांच्या संचातलं कॅशग्रिंड वापरलं. ते खरे मीटर वाचत नाही. एक नाटकातला कॅश उभा करतं आणि प्रत्येक वाचन त्यातून चालवून बघतं. त्यामुळं प्रोग्रॅम कितीतरी पटींनी हळू चालतो, पण सोर्स कोडच्या प्रत्येक ओळीसमोर मिसचा आकडा छापून मिळतो. नव्या आवृत्त्यांमध्ये कॅशचा हिशेब आपण सांगितल्याशिवाय सुरू होत नाही, तेवढं लक्षात ठेवा. आमच्या तक्त्यात एका फेरीत ३० गुणिले १२२ गुणिले ५१२, म्हणजे १८,७३,९२० वाचनं. आणि मिस? जवळपास तेवढेच. जवळजवळ एकही आकडा पेटीत सापडत नव्हता.

इथं थोडं थांबू, कारण हे कोडं मजेशीर आहे. पहिल्या मंडळाचे १२२ दिवस वाचताना १२२ लाइनी येणार, हे मान्य. प्रत्येक लाइनीत शेजारच्या सात मंडळांचे आकडे फुकट येतात. मग दुसरं मंडळ घेतलं, की त्याचे आकडे आधीच हजर असायला हवेत. १२२ लाइनी म्हणजे ७,८०८ बाईट. एल-वन कॅश ३२ किलोबाईटचा. चौपट जागा असताना माल बाहेर का फेकला जातोय?

उत्तर कप्प्यांत आहे. हा कॅश म्हणजे एक मोठी पेटी नाही. त्यात ६४ कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यात आठच लाइनी मावतात. कोणती लाइन कोणत्या कप्प्यात जायची, हे तिच्या पत्त्यावरून ठरतं. लागोपाठच्या लाइनी लागोपाठच्या कप्प्यांत जातात आणि ६४ लाइनी झाल्या, की पुन्हा पहिला कप्पा. आता आमची एक ओळ ५१२ आकड्यांची, म्हणजे ४,०९६ बाईट, म्हणजे बरोबर ६४ लाइनी. म्हणजे एका दिवसावरून दुसऱ्या दिवसावर उडी मारली, की आपण फिरून त्याच कप्प्यात. १२२ च्या १२२ लाइनी एकाच कप्प्यावर चालून येतात. नववी आली की पहिली बाहेर. एकशे बाविसावी येईपर्यंत सुरुवातीच्या सगळ्या गेलेल्या, आणि दुसरं मंडळ नेमकं सुरुवातीपासून मागतं. यात्रेच्या दिवशी बसस्टँडवर सगळ्यांनी एकाच खिडकीशी रेटारेटी करावी आणि बाकीच्या त्रेसष्ट खिडक्यांवर माशा माराव्यात, असा प्रकार.

"मग सर, ५१२ चं ५२० करून बघू?" हे त्याला स्वतःला सुचलं, आणि मला त्याचं कौतुक वाटलं. ओळ ६५ लाइनींची झाली. आता प्रत्येक दिवस एक कप्पा पुढं सरकतो, १२२ लाइनी ६४ कप्प्यांत दोन-दोन करून निवांत बसतात. कॅशग्रिंडचा आकडा आठव्या हिश्श्यावर आला, साधारण २ लाख ३४ हजार. कोडची एक ओळसुद्धा बदलली नव्हती. फक्त प्रत्येक ओळीच्या शेवटी आठ रिकामे रकाने जास्तीचे.

पण मला तो उपाय जुगाड वाटतो. खरा उपाय दोन प्रकारचा. एक तर खतावणी करा: तक्ता फिरवून मंडळानुसार मांडा, म्हणजे एका मंडळाचे सगळे दिवस सलग. नाहीतर रोजमेळ तसाच ठेवा आणि वाचण्याची पद्धत बदला. शेजारी एक कोरा कागद घ्या, त्यावर ५१२ खाती आखा, आणि रोजमेळ वरून खाली एकदाच वाचत प्रत्येक मंडळाचा चालू खंड त्या कागदावर वाढवत किंवा शून्य करत जा. दिवस मोजायला ४ बाईटचा आकडा पुरतो, म्हणून तो कागद २ किलोबाईटचा, कायम पेटीतच राहतो. आम्ही हे दुसरं केलं. कोडमध्ये आतला लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा कोडचा भाग) बाहेर आणि बाहेरचा आत, एवढाच बदल.

यात गंमत अशी, की कॅशग्रिंडच्या हिशेबानं ५२० चा जुगाड आणि हा उपाय यांत मिसचा फारसा फरक नाही, पण घड्याळात आहे. कारण कॅशग्रिंडच्या नाटकात दोन पात्रं नाहीत. एक प्रीफेचर: प्रोसेसरमधला हा हुशार पोऱ्या. आपण ओळीनं एक-दोन-तीन लाइनी मागितल्या, की चौथी-पाचवी तो न सांगता आणून ठेवतो. उड्या मोठ्या असल्या, की त्याला अंदाज लागत नाही, आणि ४ किलोबाईटच्या पानाची (मेमरीची वाटणी अशा पानांत केलेली असते) हद्द तो सहसा ओलांडत नाही. दुसरं पात्र टीएलबी. मेमरीचा प्रत्येक पत्ता आधी खऱ्या पत्त्यात बदलावा लागतो आणि नुकत्याच बदललेल्या पत्त्यांची एक छोटी वही प्रोसेसर जवळ ठेवतो. पहिल्या पातळीवरच्या या वहीत नेहमीच्या प्रोसेसरवर ६४ किंवा त्याहून थोड्या जास्त पानांची सोय. आमची प्रत्येक उडी नव्या पानावर, एका मंडळाच्या एका पावसाळ्याला १२२ पानं. वही पुरणार कशी? म्हणून कॅशग्रिंडनं जागा शोधायची आणि खात्री पर्फनं करायची. एकावर विसंबून राहू नये.

पायथनमध्ये नमपाय (आकड्यांच्या तक्त्यांसाठीची तयार लायब्ररी) वापरणाऱ्यांसाठी एक सल्ला. तक्ता फिरवायला तिथं एक अक्षर पुरतं, पण त्यानं मेमरीतला एकही आकडा हलत नाही. फक्त वाचायची दिशा बदलून सांगितली जाते. दुकानावरची पाटी बदलली, माल होता तिथंच. खरोखर मांडणी बदलायची तर नवी प्रत करून घ्यावी लागते. आणि नमपाय, सी ओळीनुसार मांडतात, तर फोरट्रान, आर, मॅटलॅब रकान्यानुसार. एकातला लूप दुसऱ्यात जसाच्या तसा उतरवला, की हाच अपघात उलट्या दिशेनं होतो.

अशाच आणखी काही खोडी मला वारंवार भेटतात. शेतकऱ्याच्या नोंदीत नाव, गाव, मोबाइल, बँक खातं असं २०० बाईटचं गाठोडं असतं आणि आपल्याला फक्त क्विंटलची बेरीज हवी असते. आठ बाईटसाठी दर वेळी ६४ बाईटची खेप. क्विंटलचा रकाना वेगळा सलग ठेवला, तर त्याच खेपेत आठ शेतकरी येतात. विश्लेषणाचे डेटाबेस रकान्यानुसार साठवतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

दुसरी खोड लिंक्ड लिस्टची, म्हणजे मेमरीत विखुरलेल्या डब्यांच्या साखळीची. तक्त्यात पुढचे पत्ते आधीच माहीत असतात, त्यामुळं प्रोसेसर एकाच वेळी अनेक खेपा सोडू शकतो. लिंक्ड लिस्टमध्ये पुढचा पत्ता आताच्या डब्यात लिहिलेला. अनोळखी गावात पाहुण्याचं घर शोधताना प्रत्येक चौकात "पुढं विचारा" असं उत्तर मिळावं तसं; एक चौक गाठल्याशिवाय दुसरा कळत नाही. कॉलेजात लिंक्ड लिस्ट मन लावून शिकवतात, हा मुद्दा मात्र बऱ्याचदा राहून जातो.

तिसरी खोड समजायला मराठवाड्यात एक शब्द पुरेसा आहे: सामाईक सातबारा. दोन भावांची जमीन वाटून झालेली, बांध घातलेला, कुणी कुणाच्या वावरात जात नाही. पण उतारा एकच. एकानं कर्जासाठी तो नेला, की दुसऱ्याचं काम अडलं. दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅमची एकाच वेळी चालणारी दोन कामं, आपापले वेगवेगळे मोजणी-आकडे वाढवत असतात, पण ते दोन आकडे एकाच ६४ बाईटच्या लाइनीत पडलेले असतात. मग ती लाइन या कोअरकडून (प्रोसेसरमधल्या एका गड्याकडून) त्या कोअरकडे सारखी ओढली जाते. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. कोअर वाढवले तरी वेग वाढत नाही किंवा उलट कमी होतो, तेव्हा याचा संशय घ्यावा. पर्फ सी-टू-सी ही कमांड नेमकी ती लाइन आणि भांडणारे दोघे दाखवते. उपाय म्हणजे फेरफार करून उतारे वेगळे करणं: दोन आकड्यांत पुरेशी रिकामी जागा सोडायची.

हे सगळं प्रत्येक प्रोग्रॅमला लावत बसू नका. आडतीची पट्टी छापणारं बिलिंग सॉफ्टवेअर हळू असेल, तर बहुतेक वेळा डेटाबेसची क्वेरी किंवा नेटवर्क अडलेलं असतं. तिथं वाट मिलिसेकंदांत मोजतात; कॅशच्या ठोक्यांना कोण विचारतो. तक्ताच मुळात २०-२५ किलोबाईटचा असेल, तरीही सोडून द्या. तो एकदा पेटीत आला, की आलाच.

आमच्या पोरानं लूप बदलल्यावर पुन्हा पर्फ लावला. दर ठोक्याच्या सूचना वर आल्या होत्या, मिस खाली. हजार फेऱ्या आता चहा यायच्या आत उरकत होत्या. तो थोडा वेळ खूश होता, मग कपाळाला आठ्या घालून परत आला.

"सर, आता खंड काढायला वेळच लागंना गेलाय. पण सगळा टाइम सीएसव्ही फाइल उघडण्यातच जायलाय."